चेहऱ्याला लागलेली सवय

बसथांब्यासमोरच्या औषधाच्या दुकानात काउंटरच्या डाव्या टोकाला उभ्या असणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत. तिच्याहून दुप्पट वयाची माणसंही ताईच म्हणत. एकदा आजीचं बोट धरून आलेल्या एका पोरानं "ताई, गोड असेल तरच दे" असं तिला बजावलं होतं. तिनं बाटली उजेडात धरून, बारीक अक्षरं वाचून, ते औषध गोड असल्याची खात्री केली आणि मगच ती पिशवीत घातली.

खात्री करणं हा तिचा स्वभाव होता. नवरा त्याला रोग म्हणायचा. घरातून निघताना ती गॅसचं बटण बघायची, मग जिना उतरून पुन्हा वर जाऊन बघायची. दुकानातून सुटल्यावर बसच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता तिला आठवायचं, की पांढऱ्या मिशीवाल्या आजोबांना ती गोळी सकाळची म्हणून सांगितलं खरं, पण ते ऐकत होते की नुसतीच मान हलवत होते? मग ती बस सोडून द्यायची आणि आजोबांच्या घरी फोन लावायची. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्या पाकिटांवर ती पेनानं चित्रं काढून द्यायची. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र, जेवणानंतरच्या गोळीला ताट. "तुझ्या आईनं पाळणाघर काढायला हवं होतं," असं नवरा लेकीला सांगायचा. "गिऱ्हाइकांचे लंगोट बदलायचे तेवढे राहिलेत."

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. मधल्याच मजल्यावर अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं काम. आतून लोक दार बडवत असताना याला बाहेर सावकाश एकेक तार तपासावी लागे, त्यामुळे घाई आणि भीती या दोन्ही गोष्टी त्याच्या अंगातून कधीच निघून गेल्या होत्या. घाबरायचं खातं त्या घरात एकट्या ताईकडे होतं.

लेकीला कागदोपत्री छान लांबलचक नाव होतं, पण बापानं तिला पहिल्या दिवशीच ठकू म्हटलं आणि तेच चिकटलं. ठकूचा आवाज लहानपणापासून मोठा, खणखणीत. खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई सांगायच्या, की तुमच्या ठकूची कविता पाठ होते तेव्हा आमच्याकडेही होते. बारावीनंतर ती कॉलेजात गेली ती तिथल्या नाटकवाल्यांच्या घोळक्यातच शिरली, आणि पहिल्याच वर्षी एका छोट्या भूमिकेत तिनं मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवून दाखवला.

त्याच सुमारास तिच्या गालांवर मुरुम आले. आधी कपाळावर बारीक, मग गालांवर मोठे, दुखरे, आणि ते बसले की मागे काळपट डाग. या वयात ते सगळ्यांनाच येतात, असं ताई म्हणायची. पण सगळ्यांनाच येतात म्हणून ज्याला आलेत त्याचं ओझं कमी होत नाही. ठकू केस पुढे ओढून बसायला लागली. जेवताना एका हाताचा पंजा गालावर. आत्या आली तेव्हा तिनं दारातच विचारलं, "अगं, हे काय करून घेतलंस तोंडाचं?" जणू ठकूनं पेन्सिल घेऊन स्वतःच काढले होते ते. ठकू आत गेली ती आत्या जाईपर्यंत बाहेर आली नाही. हळूहळू तालमीही बुडायला लागल्या, आणि त्या घरातला मोठा आवाज कमी कमी होत गेला. ताईला डागांपेक्षा ते जास्त लागलं. रोज संध्याकाळी कुलूप उघडताना ती कान द्यायची आणि आतून काहीच ऐकू यायचं नाही.

"आई, तुझ्या दुकानात छतापर्यंत औषधं आहेत," ठकू एके दिवशी म्हणाली. "माझ्या तोंडासाठी एक नाही?"

होतं ना. तेच तर होतं.

इतकी वर्षं काउंटरला उभं राहून ताईनं मनाशी एक आडाखा बांधला होता. डिप्लोमाच्या पुस्तकांत तो नव्हता. काउंटरवरच्या माणसांनाच तो सुचू शकतो. गिऱ्हाईक जे औषध पुन्हा मागायला येतं ते चांगलं. खोकल्याच्या एका औषधाची जाहिरात समोरची भिंत व्यापून बसलेली असे, पण दुसऱ्यांदा कुणी ते नेत नसे. ताईनं ते मनातून बाद केलं होतं. तक्रार घेऊन येणारा माणूस लांबूनच ओळखू येतो, दाराशीच त्याच्या भुवया वर गेलेल्या असतात. आणि "अजून एक द्या" म्हणणारा वेगळा. तो निवांत असतो, त्याला माहीत असतं.

आणि सगळ्यांत जास्त परत यायची ती चेहऱ्याच्या डागांवरची एक छोटी पांढरी ट्यूब. शिवणकामाच्या कारखान्यातल्या मुली यायच्या, बँकेतल्या बाई यायच्या, रखवालदार यायचा. बुडापासून पिळून पिळून गुंडाळलेली रिकामी ट्यूब काचेवर ठेवायची आणि बोटानं पुढे सरकवायची, एवढंच. बोलायचंही नाही. ताई न बघता हात मागे न्यायची आणि नवी ट्यूब पुढे ठेवायची. खोक्यावर तांबड्या रेघेशेजारी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं होतं, पण तसं दुकानातल्या निम्म्या खोक्यांवर छापलेलं होतं. कुणाची तक्रार नव्हती. लोक येतच राहायचे, वर्षानुवर्षं.

तिनं ती ट्यूब ठकूला आणून दिली.

आठवडा गेला नसेल तोवर ठकूचा चेहरा धुतल्यासारखा झाला. मुरुम बसले, डाग फिकट झाले, गालांवर चकाकी आली. बापानं तिला दिव्याखाली उभं करून पाहिलं आणि म्हणाला, "अरे वा, ठकूबाई, लिफ्टच्या नव्या दारासारख्या दिसायला लागलात." ठकू हसली, केस मागे बांधले आणि तालमीला गेली. पुढच्या वर्षीच्या नाटकात तिला मुख्य काम मिळालं. घरात पुन्हा आवाज आला. आरशासमोर, न्हाणीघरात, जिन्यात, सगळीकडे तिची वाक्यं ऐकू यायची. ताई भांडी घासता घासता ती ऐकायची आणि मनातल्या मनात त्या ट्यूबचे आभार मानायची. तिच्यासारख्या बाईनं, जी गोड औषधाचीही खात्री करते, या एका औषधाची खात्री केली नाही. कारण ती झालेलीच होती, असं तिला वाटत होतं. इतक्या लोकांनी करून दिली होती.

नंतरचं सगळं इतकं हळू झालं, की कधी सुरू झालं ते सांगता येत नव्हतं. उन्हातून आली की ठकूचे गाल लाल व्हायचे आणि बराच वेळ तसेच राहायचे. मग गालांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तांबड्या शिरा दिसायला लागल्या. कानांपुढे, हनुवटीवर मऊ लव वाढली. ट्यूब संपून नवी आणायला दोन दिवस उशीर झाला, तर चेहरा पेटायचा. सगळा चेहरा. पहिल्यापेक्षा जास्त पुटकुळ्या, आणि आग. नवी ट्यूब लावली की पुन्हा शांत. ताईच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. रिकामी ट्यूब घेऊन येणाऱ्यांना ती काचेपलीकडून, पाकीट बांधता बांधता, ओझरतं बघत आली होती. आता तिनं त्यांच्या चेहऱ्यांकडे नीट पाहिलं. बँकेतल्या बाईंच्या गालांवर तेच जाळं. रखवालदाराचं नाक तांबडं. कारखान्यातल्या मुलीनं उजेड नको म्हणून हात आडवा धरलेला.

ती ठकूला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मध्यमवयाच्या, कमी बोलणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ठकूची हनुवटी बोटांनी वर केली, भिंग लावून दोन्ही गाल बघितले, आणि हात खाली घेऊन विचारलं, "कुठली ट्यूब लावतेस?"

ठकूनं नाव सांगितलं.

"कुणी दिली?"

ताईनं तोंड उघडलं. तिच्या आत शब्द तयार होते. पण ठकू तिच्याआधी म्हणाली, "मैत्रिणीनं."

"मैत्रीण डॉक्टर आहे?"

"नाही."

"मग आता तिच्याकडून पुस्तकं घेत जा, औषधं नको." डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या ताईकडे वळल्या. "हे बघा, या ट्यूबमध्ये सूज दाबणारं जोरदार औषध आहे. आम्हीही ते देतो, पण ठरावीक आजाराला, थोडे दिवस, नजरेखाली. तोंडाला हे महिनोन्‌महिने चोळायचं नसतं. त्वचा पातळ होते. आणि चेहऱ्याला त्याची सवय लागते. सोडलं की चेहरा भडकतो, म्हणून माणूस पुन्हा लावतो. लोकांना वाटतं औषधानं गुण येतोय. गुण नसतो तो, ती सवय असते."

ताईला तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं काचेवर पुढे सरकत आलेल्या त्या सगळ्या रिकाम्या ट्यूबा तिच्या डोळ्यांपुढे आल्या. लोक परत येत होते, कारण त्यांना परत यावंच लागत होतं.

"आता काय करायचं?" तिनं विचारलं.

"सोडायची. मी दुसरं देते, पण ते या ट्यूबसारखं झटपट काम करणार नाही. काही आठवडे आधी बिघडेल, बरंच बिघडेल. तोंडाला रंग, पावडर काही नाही, ऊन टाळायचं. तिला सांभाळा. या काळात ही मुलं पुन्हा त्याच ट्यूबकडे जातात, आणि मग सगळं पहिल्यापासून."

बाहेर आल्यावर जिन्यात ताईनं विचारलं, "मैत्रीण म्हणून का सांगितलंस?"

ठकू खांदे उडवून म्हणाली, "मग काय, माझी आई मेडिकलमध्ये असते म्हणून सांगू? तुझी नोकरी गेली असती."

ताई एकेक पायरी बघत खाली उतरली. बोलली असती तर रडली असती, आणि जिन्यावर लोक होते.

ट्यूब सोडली, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. ठकूचा चेहरा सुजला, लाल झाला, पुटकुळ्यांनी भरला. रात्रभर आग व्हायची म्हणून ती उशी भिंतीला उभी लावून टेकून झोपायची. नाटकाला अजून अवकाश होता, म्हणून ती तोंडाला रुमाल बांधून तालमींना जात राहिली. बापानं न्हाणीघरातला आरसा काढून कपाटामागे ठेवला. कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. त्यापायी तो स्वतः अंदाजानं दाढी करायला लागला आणि एका बाजूची मिशी रोज थोडी कमी होत गेली. "कंपनीत विचारतात, अर्धी मिशी गहाण ठेवलीस का," असं तो जेवताना सांगायचा. ठकू हसायची, आणि हसताना गाल ताणले गेले की कळवळायची. मग तोही विनोद करायचा थांबला.

ताईचा जीव दिवसभर टांगणीला लागलेला असे. पण दुकानात ती एक शब्दही बोलली नाही. मालक वाईट माणूस नव्हते. तिची सासू आजारी असताना त्यांनी आपणहून सुट्टी दिली होती. पण त्यांना सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुमच्या दुकानातल्या मालानं माझ्या मुलीचा चेहरा गेला, आणि तो माल मीच नेला? तिनं फक्त त्या ट्यूबांचं खोकं हाताच्या उंचीवरून उचलून वरच्या फळीवर ठेवलं. गिऱ्हाईक आलं की स्टुलावर चढून काढून द्यायची. देताना म्हणायची, "जरा कमी लावत जा." गिऱ्हाईक मान हलवायचं. आजोबांसाठी बस सोडणारी ताई या बाईंच्या, या मुलींच्या मागे दारापर्यंतही गेली नाही.

नाटक जवळ आलं. ठकूनं एकदाच विषय काढला. ताई कणीक मळत होती.

"आई, फक्त नाटक होईपर्यंत लावते. नंतर कायमची सोडीन."

"नाही."

"रंगपण लावायचा नाही, ट्यूबपण लावायची नाही. मग काय, हे तोंड घेऊन उभी राहू? लोक नाटक बघतील की तोंड?"

"ठकू, त्या काय म्हणाल्या ते तू ऐकलंयस."

"त्यांना कुठे उभं राहायचंय," ठकू म्हणाली, आणि विषय तिथे मिटला. इतक्या सहज मिटला, की ताईनं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी ताई सकाळी उठून स्वयंपाकघरात आली तर ठकू ओट्याशी चहा गाळत उभी होती. केस मागे. चेहऱ्यावरची सूज उतरलेली. लाली ओसरलेली.

"बघितलंस का?" नवरा खुशीत होता. "डॉक्टरीणबाईंच्या हाताला गुण आहे हो. मी आज आरसा परत लावतो. माझ्या मिशीचीही सुटका होईल."

ताईनं ठकूची हनुवटी धरली आणि तिला खिडकीच्या उजेडात आणलं. ठकूनं नजर चुकवली. गाल गुळगुळीत होते, चकाकत होते. ती चकाकी ताईच्या चांगली ओळखीची होती. इतक्या लवकर चेहरा असा करणारी एकच गोष्ट जगात आहे हे त्या घरात त्या दोघींनाच माहीत होतं. बाप शीळ घालत आरसा आणायला गेला, आणि ताईनं हनुवटी सोडली.

"छान दिसतोय," एवढंच ती म्हणाली, आणि डबा न घेताच दुकानात गेली.

मालक शटर वर करून नुकते गल्ल्याशी बसले होते. ताईनं पर्स खांद्यावर तशीच ठेवून विचारलं, "आमची ठकू आली होती का इकडे?"

"आली होती की. मागच्या आठवड्यात, तुम्ही जेवायला गेला होता तेव्हा. तुम्हीच पाठवलंय म्हणाली. डागांची ट्यूब दिली मी. पैसे काढत होती, म्हटलं राहू दे गं, घरचीच पोर." ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "का? दुसरी हवी होती?"

ताईनं पर्स काउंटरवर ठेवली. काउंटरची काच दोन्ही हातांनी धरून तिनं सगळं सांगितलं. पहिली ट्यूब कुणी नेली, काय झालं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या. सांगताना तिच्या लक्षात आलं, की हेच दोन महिन्यांपूर्वी सांगितलं असतं तर मालकांनी ठकूला ट्यूब दिलीच नसती. एवढं साधं होतं ते. लाज वाटली म्हणून ती गप्प राहिली होती, आणि त्या गप्प राहण्यातून ठकू ट्यूब घेऊन गेली होती.

मालकांनी गल्ल्याचा खण बंद केला. मग म्हणाले, "ताई, मला काय माहीत. कंपनीचा माणूस येतो, खोकी ठेवून जातो. लोक मागतात, आपण देतो."

"मी नाही देणार यापुढे."

"आपण नाही दिली तर समोरचा देतो."

"देऊ दे. माझ्या हातानं नको."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बरं," ते म्हणाले. "त्या ट्यूबचं गिऱ्हाईक आलं की मला हाक मारा. तुम्ही देऊ नका."

एवढंच झालं. ट्यूबा दुकानात राहिल्या. ताईला आणखी काही म्हणायचं होतं, पण मालकांनी तोवर पेपर उघडला होता, आणि नोकरी तिलाही हवी होती. पुढे ती मालकांना हाक मारायच्या आधी गिऱ्हाइकाला काय ते सांगायला लागली. काही ऐकायचे, काही तिच्याकडे संशयानं बघायचे, आणि काही सरळ रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जायचे. ते जाताना तिला काचेतून दिसायचे.

मालकांना सांगितलं त्या दिवशी ती लवकर घरी गेली. ठकू कॉटवर बसून वाक्यं पाठ करत होती. आईला अवेळी बघून तिनं कागद खाली ठेवला.

"मालकांनी सांगितलं," ताई म्हणाली.

"वाटलंच मला सकाळी. हनुवटी धरलीस तेव्हाच."

"किती दिवस लावतेयस?"

"थापून तर लावत नाहीये. थोडीशीच." मग ठकूचा आवाज चढला, तोच मागच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज. "तू दिलीस तेव्हा ते औषध होतं. मी घेतली तेव्हा एकदम विष झालं होय? आणि तू रोज विकतेस ती? त्या बायकांना चेहरे नाहीत का?"

खालच्या मजल्यापर्यंत गेलं असणार ते. ताईनं खिडकी लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"विकत होते," ती म्हणाली. "तुझं झालं तरी विकत होते. आज सांगितलं मालकांना. सगळं सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"मी दिली म्हणून."

ठकू बघत राहिली. "मग? काढलं का तुला?"

"नाही."

"मग मी उगीचच खोटं बोलले डॉक्टरांकडे," ठकू म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला. "आई, मला नाटक करायचंय गं. एवढंच करायचंय. तुला माहितीये, तिथे उभं राहिलं की कसं वाटतं? तोंड खराब असलं की मला माझाच आवाज येत नाही."

ताई तिच्याजवळ बसली. तिला लेकीला सांगावंसं वाटलं, की मीही तेवढ्यासाठीच दिली होती ती. तुझा आवाज घरात नव्हता म्हणून. पण असं सांगणं म्हणजे पुन्हा आपलीच बाजू मांडणं झालं असतं. तिनं ट्यूब मागितली नाही. काढून घेता आली असती; पण बसथांब्यापर्यंत अशी कितीतरी दुकानं होती, आणि ठकू आता काही मांडीवर नव्हती.

"उद्या मी डॉक्टरीणबाईंकडे जाणार आहे," ती म्हणाली. "कुणी दिली ते सांगायला. तू यायलाच हवंस असं नाही."

दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा ठकू तिच्याआधी जिना उतरून खाली उभी होती.

डॉक्टरीणबाईंनी ताईचं सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, आणि क्षमा केल्यासारखंही काही बोलल्या नाहीत. "बाहेर बाकावर बसलेत ना, त्यातले निम्मे याचेच आहेत," एवढंच म्हणाल्या. मग ठकूचे गाल बघून त्यांनी सांगितलं, की आता थांबवलं तर पुन्हा भडकणार, आणि नाटकाच्या दिवसांतच भडकणार. न थांबवलं तर नाटक होईल. नंतरचं मात्र आणखी लांबेल, आणि काही खुणा कदाचित राहतील. "ठरव तू," त्या ठकूला म्हणाल्या. "तुझा चेहरा आहे. मी किंवा तुझी आई लावत नाही ती."

ठकूनं केस गालांवर ओढून घेतले. बसमध्येही ते तसेच होते. घरी आल्यावर ती कॉलेजात फोनवर बराच वेळ बोलत होती. ताई स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून उभी राहिली होती. ऐकू येऊ नये इतक्या हळू ठकू बोलू शकते हे तिला त्या दिवशी कळलं. फोन ठेवून ती आत आली आणि म्हणाली, "दुसरी मुलगी करेल. तिला वाक्यं येतात सगळी. जरा पुटपुटते, पण करेल." मग ती न्हाणीघरात गेली, ट्यूब आणली आणि आईच्या देखत कात्रीनं मधोमध कापून कचऱ्यात टाकली. ताई तिला जवळ घ्यायला पुढे झाली तर ती म्हणाली, "नको. आता काही बोलू नकोस. मला राग आलाय तुझा." आणि तो बरेच दिवस होता.

नाटकाच्या दिवशी ठकूचा चेहरा ओळखू न येण्यासारखा झाला होता. डोळ्यांखाली सूज, गाल तापलेले, ओठांच्या कडा चिरलेल्या. बघायला जायचंय का, असं कुणी तिला विचारलं नाही. ताईनं सुट्टी घेतली होती. दुपारी खिडक्यांचे पडदे ओढून ठकू कॉटवर पडली होती आणि ताई शेजारी स्टुलावर बसून थंड पाण्यात फडकं भिजवून, पिळून, तिच्या तोंडावर घालत होती. गरम झालं की काढायची, दुसरं घालायची. बापानंही लवकर येतो म्हणून सांगितलं होतं, आणि तो आला. बूट काढले, हात धुतले, आणि खुर्ची ओढून कॉटच्या पायथ्याशी बसला.

"किती वाजता असतं तुमचं?" त्यानं विचारलं.

"आता सुरू झालं असेल," फडक्याखालून ठकू म्हणाली.

त्यानं घड्याळाकडे बघितलं. मग त्यानं टेबलावरचे ठकूचे नाटकाचे कागद उचलले, चष्मा लावला आणि पहिलं पान काढलं. "यात ते म्हातारे गृहस्थ आहेत त्यांचं मी वाचतो," तो म्हणाला. "चालेल ना?"

"बाबा, काहीतरीच."

"आत कोण आहे," त्यानं वाचलं. लिफ्टच्या फोनवर बोलतात तसं, एका सुरात. "दार उघडा. मी बराच वेळ बाहेर उभा आहे."

ताईनं फडकं बदलायला हात पुढे केला होता, तो तसाच थांबला. आणि मग फडक्याखालून, आधी घसा साफ न करता, थोड्या जाड झालेल्या आवाजात तिचं वाक्य आलं. बापानं पुढचं वाचलं, चुकीच्या जागी थांबत, कंसातल्या सूचनाही मोठ्यानं वाचत. "थोडं हसून," तो गंभीरपणे म्हणाला. ठकूनं त्याला दुरुस्त केलं आणि पुढचं वाक्य म्हटलं, मग त्यापुढचं. आवाज हळूहळू उघडत गेला. खाली शेजारीणबाईंनी रेडिओ बारीक केला.

फडकं पुन्हा गरम झालं होतं. ताईनं ते अलगद उचललं. खालचा चेहरा लाल, सुजलेला, पाण्यानं ओला होता, डोळे मिटलेले होते. वाक्य अर्ध्यावर होतं. चेहरा उघडा पडला तरी ठकू थांबली नाही, बोलत राहिली, आणि ताई ओलं फडकं हातात धरून तिचं वाक्य संपायची वाट बघत बसली.